सासूबाईंचा डिमेन्शिया, नोकरी आणि मुलाची दहावी: संध्याकाळचे सहा ते नऊ कसे काढता?

मीनल_चिंचवड

नमस्कार. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज लिहायचं ठरवलं. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी चिंचवडला राहते, वय ४६. एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. नवरा चाकण एमआयडीसीत, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. मुलगा यंदा दहावीला. आणि सासूबाई, वय ७६, मूळच्या माण तालुक्यातल्या, दहिवडीजवळच्या. त्यांना डिमेन्शिया आहे. न्यूरॉलॉजिस्टनी अल्झायमर सांगितलाय, गोळ्या चालू आहेत.

सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा एक मावशी येतात. दिवस तसा बरा जातो. खरी परीक्षा सहानंतर. ऊन उतरलं की आईंची घालमेल सुरू होते. पदर खोचतात, कपाटातून टॉवेल, दोन ब्लाउज, कंगवा काढतात, देवघरातली सिद्धनाथाची तसबीर उचलतात, सगळं एका जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधतात आणि दाराशी जाऊन उभ्या राहतात. "पोरी, कडी काढ. दहिवडीची येष्टी निघून जाईल. पोरं उपाशी असतील घरी." ती पोरं म्हणजे माझा नवरा आणि धाकटे दीर. दोघांचेही केस पिकलेत. मी कोण हे त्या वेळी त्यांना उमगत नाही. कधी मी त्यांची थोरली जाऊ असते, कधी शाळेतल्या बाई. समजावलं की जास्तच चिडतात, रडतात, दार बडवतात. हे नऊपर्यंत चालतं. स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, उद्याच्या डब्यांची तयारी, सगळं त्याच तीन तासांत. नवरा सेकंड शिफ्टला असला की घरात मी एकटी.

आता माझंच अंग बोलायला लागलंय. ऑफिसात साडेपाचला कॉम्प्युटर बंद करायला घेतला की छाती धडधडते. जबडा इतका आवळलेला असतो की सकाळी दाढा ठणकतात. रात्री तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही, कान दाराच्या कडीकडे. मनगटाला कुकरची वाफ लागली होती, रुपयाएवढंच भाजलं होतं, ते महिना होत आला तरी भरत नाहीये. मैत्रिणी म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस. मी घ्यायला जात नाही, ते रोज ठरल्या वेळी दारात येतं.

शिबिराला जा, पहाटे उठून ध्यानाला बस, हे सध्या जमणारं नाही. सलग दहा मिनिटं मिळत नाहीत. ज्यांनी घरात असं माणूस सांभाळलंय त्यांना विचारते. हात कणकेत असताना, मागे कोणी दार बडवत असताना, त्या क्षणी स्वतःला कसं सावरता? आणि घरातल्या बाकीच्यांना हाताशी कसं धरता? दीर बंगळुरूला असतात, दरमहा पैसे पाठवतात, मनाने फार चांगले आहेत. पण त्यांच्याकडे नेमकं मागायचं काय, हेच मला सुचत नाही.

एक सांगायचं राहिलं. लग्न होऊन आले तेव्हा मला नोकरी नव्हती. माझ्या टॅलीच्या क्लासची फी आईंनी गावाकडच्या दोन शेळ्या विकून भरली होती. त्यांचं मला नीट करायचंय. म्हणून विचारते.

ओंकार_नाशिकरोड

ताई, आमच्या आजीचं अगदी असंच होतं. तिला निफाडला जायचं असायचं, द्राक्षाच्या बागेत पाणी सोडायला.

आम्हाला उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगतो. अंधार पडायची वाट न बघता साडेपाचलाच घरातले सगळे दिवे लावायचे आणि पडदे ओढून घ्यायचे. खोलीत सावल्या लांबायला लागल्या की आजी बिचकायची. बेसिनवरचा आरसाही झाकला होता, कारण काचेत दिसणारी म्हातारी बाई कोण म्हणून ती घाबरायची.

आणि दार अडवून धरण्यापेक्षा मी तिला घेऊन खाली जायचो. गाठोडं माझ्या हातात, तिचा हात माझ्या दंडाला. गेटपर्यंत चालत जायचं, जरा उभं राहायचं. वॉचमनकाकांना सांगून ठेवलं होतं, ते म्हणायचे, "आजी, गाडी आत्ताच गेली की हो, आता सकाळची पहिली." मग ती "बरं बाई" म्हणून परत फिरायची. आईला सुरुवातीला हे फसवल्यासारखं वाटायचं. मला नाही वाटलं. तिला कोणीतरी सोबत हवी असायची, ती मिळायची.

दाराला वरच्या बाजूला, नजर जात नाही तिथे एक जादा कडी बसवून घ्या. आणि आईंच्या ब्लाउजच्या आतल्या बाजूला नाव आणि तुमचा मोबाइल नंबर लिहिलेली पट्टी शिवून टाका. आज नाही तर उद्या लागतेच.

सिस्टर_मिरज

मीनल बाळ, मी रिटायर्ड नर्स. जन्म वॉर्डात गेला आणि नंतर घरी यजमानांचा हाच आजार काढला. त्यामुळे दोन्हीकडून सांगते.

आधी तुझं. छातीत धडधडतंय, तर या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढ, बीपी मोजून घे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपास, एचबीएवनसीसकट (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी). तुझं वय ४६ आहे. पाळी जायच्या सुमारासही धडधडतं, झोप मोडते, घाम फुटतो. सगळं खापर ताणावर फोडून मोकळं होऊ नये. आमच्याकडे बायका तेच करतात आणि मग उशिरा येतात.

ती मनगटाची जखम. साखर नॉर्मल आली तरी मला नवल वाटणार नाही. १९९५ साली अमेरिकेत ओहायोच्या विद्यापीठात एक अभ्यास झाला होता. घरात डिमेन्शियाचं माणूस सांभाळणाऱ्या १३ बायका आणि त्यांच्याच वयाच्या, पण तसा भार नसलेल्या १३ बायका घेतल्या. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम केली आणि ती कधी भरते ते पाहिलं. सांभाळणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. मी नव्या मुलींना हे मुद्दाम सांगायचे. पेशंटजवळच्या बाईला आपण 'नातेवाईक, बाहेर थांबा' म्हणतो, पण तिच्या कातडीला सगळं कळत असतं. तुझं दुखणं मनाचे खेळ नाहीत, एवढं पक्कं धर.

आता कणकेत हात असताना काय करायचं. श्वास घे नेहमीसारखा, पण सोडताना लांबव. घेताना मनात तीन मोजलेस तर सोडताना सहा, तोंडाने, फुंकर घातल्यासारखा. श्वास सोडताना हृदयाची गती आपोआप मंदावते, शरीराची रचनाच तशी आहे. पाच-सहा वेळा पुरे. यासाठी कुठे बसायला नको, डोळे मिटायला नकोत. पोळी तव्यावर असताना होतं. आणि जबडा: ओठ मिटलेले, पण दात एकमेकांना टेकलेले नकोत, जीभ वरच्या दातांच्या मागे सैल. फ्रिजवर एक टिकली लाव. ती दिसली की जबडा तपासायचा. याने आईंचं दार बडवणं थांबणार नाही. तुझा आवाज मात्र खाली येईल, आणि त्यांना तुझे शब्द कळोत न कळोत, आवाज कळतो.

आईंबद्दल मला एक शंका आहे. दिवस बरा जातो म्हणतेस. मावशींना नीट विचार, आई दुपारी किती झोपतात? माझा अंदाज, भरपूर झोपत असणार, म्हणून मावशींना सोपं जातं आणि सहानंतरचं तुझ्या वाट्याला येतं. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर आणा. सकाळी दहाला मावशींनी त्यांना खाली उन्हात फिरवून आणायचं. चारनंतर चहा बंद.

सहाला त्यांच्या हाताला काम दे. नाव-गाव-माणसं आधी विसरतात, हाताची सवय बरीच उशिरापर्यंत राहते. कापूस दे, वाती वळतील. शेंगा फोडतील, तांदूळ निवडतील. नीट झालं नाही तरी हरकत नाही, तांदूळ परत डब्यात ओत. माणदेशातल्या त्या पिढीच्या बाईला जात्यावरच्या ओव्या येत असणारच. तू पहिली ओळ म्हणून बघ, पुढची त्यांच्या तोंडून येते का. आमच्या यजमानांना माझं नाव आठवत नव्हतं, पण आरती अख्खी म्हणायचे.

येष्टीवरून वाद घालू नकोस. "पोरं मोठी झालीत, तुम्ही चिंचवडात आहात" हे त्यांना पटणं आता शक्य नाही. "पोरांची काळजी वाटतेय ना? त्यांना जेवायला घातलंय मी" असं म्हण. ते खरंच आहे, घातलंयस तू. त्यांना जायचंय गावाला असं त्या म्हणतात, पण आत भीती असते पोरांची. त्या भीतीला उत्तर दे.

हा त्रास कधी एका-दोन दिवसांत एकदम वाढला, तर आजार बळावला असं धरून बसू नका. आधी लघवी तपासा. म्हाताऱ्या माणसात लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, यानेही डोकं भ्रमिष्टासारखं होतं आणि ते बरं करता येतं. दुसरं, झोप लागावी म्हणून सर्दी-खाजेची गुंगी आणणारी गोळी मनाने देऊ नका. त्या गोळ्यांनी गोंधळ वाढतो.

राहिली माणसांची वाटणी. वॉर्डात तीन पाळ्या असतात, आणि जाणारी सिस्टर येणारीला पेशंटची 'ओव्हर', म्हणजे सगळी माहिती, दिल्याशिवाय हलत नाही. कितीही कमी स्टाफ असला तरी चोवीस तास एकीला कुणी ठेवत नाही, कारण मग चुका होतात. तुझ्या घरी दुसरी आणि तिसरी पाळी तुझीच आहे, पहिलीत तू ऑफिसात राबतेस. कागदावर आठवड्याचा तक्ता काढ आणि नवऱ्याच्या शिफ्टप्रमाणे भर. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात तो दुपारनंतर घरी असणार, त्या आठवड्यात सहा ते नऊ त्याचे. त्या वेळात तू घराबाहेर जायचंस. घरातच राहिलीस तर हाक तुलाच येणार. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सहा ते आठ बसायला बिल्डिंगमधली एखादी कॉलेजची मुलगी बघ, पैसे देऊन. तिने आईंची शी-शू काढायची नाही, फक्त शेजारी बसून वाती वळायच्या. एवढ्या कामाला माणूस मिळतं.

आणि बोलायला कोणी हवं असेल तर १४४१६ फिरव. सरकारची टेलिमानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलतात. वेड लागल्यावरच तिथे फोन करायचा असं काही नाही. रात्री तीनला जाग येते ना, तेव्हाही लागतो. सकाळी उठूच नये असं वाटायला लागलं, तर मात्र त्याच दिवशी कर आणि नवऱ्याला तोंडाने सांग.

चिपळूणकर_मस्कत

मीनलताई, मी तुमच्या दिरांच्या जागेवरून लिहितोय. बाबा चिपळूणला दादा-वहिनींकडे असायचे, मी मस्कतला. पैसे पाठवत होतो. फोनवर "काही लागलं तर सांगा" म्हणत होतो, आणि वहिनी "सगळं ठीक आहे" म्हणायची. लांबच्या माणसाला खरंच दिसत नाही हो. व्हिडिओ कॉलवर बाबा पाच मिनिटं छान बोलायचे, आम्हाला वाटायचं, सुधारतायत.

मग वहिनीने एकदा कागदावर कामं लिहून फोटो पाठवला. त्यातलं तुझं कोणतं, एवढाच प्रश्न. त्याने फरक पडला. "काही लागलं तर" यावर कुणाला काही मागता येत नाही, आणि यादी समोर आल्यावर कुणाला नाही म्हणता येत नाही.

माझ्याकडे काय काय आलं ते सांगतो. बाबांच्या औषधांची ऑनलाइन ऑर्डर, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट, मेडिक्लेमचे कागद, लाइट बिल, हे सगळं मस्कतहून होतं. रोज संध्याकाळी साडेसहाचा व्हिडिओ कॉल, आमच्याकडे तेव्हा पाच वाजतात, ऑफिस सुटायची वेळ. वहिनी फोन तांब्याला टेकवून बाबांसमोर ठेवायची आणि स्वयंपाकाला लागायची. मी त्यांना कलमांबद्दल विचारायचो. यंदा मोहोर कसा, पायरीला खत घातलं का. तेच प्रश्न रोज, त्यांचं तेच उत्तर रोज, आणि दोघांनाही बरं वाटायचं. बाबा गेले, आता त्या वेळेला माझा हात अजून फोनकडे जातो. तुमच्या दिरांनाही ही वेळ मिळू द्या, ती त्यांचीही आई आहे.

शिवाय वर्षातून एकदा मी यायचो तेव्हा दादा-वहिनी घरात थांबायचे नाहीत, गणपतीपुळ्याला नाहीतर वहिनीच्या माहेरी जायचे. त्या आठवड्यात मला कळलं वहिनी काय करते.

तुमच्या मुलाची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात असेल. दिरांना आत्ताच सांगा की त्या दिवसांत रजा काढून चिंचवडला यायचं. मेसेज असा करा: "भाऊजी, परीक्षेच्या आठवड्यात सहा ते नऊ आईंजवळ तुम्ही हवे आहात. रोज पावणेसातचा व्हिडिओ कॉल तुमचा. आणि संध्याकाळी बसायला एक मुलगी ठेवतेय, तिचा पगार तुमच्याकडे." इतकंच. आभार-बिभार, "जमलं तर" वगैरे घालू नका.

मीनल_चिंचवड

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑफिसातच वाचत होते, डोळे भरून आले म्हणून उठून पाणी प्यायले.

सिस्टर, मावशींना विचारलं. आई जेवण झाल्यावर एकपासून साडेचारपर्यंत झोपतात! मावशी म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलं होतं ना, आराम करू द्या." आता सकाळी खाली नेतात, दुपारी दोनला उठवतात. उठवल्यावर आई कुरकुर करतात, पण संध्याकाळ जरा उशिरा सुरू होते, सातनंतर.

वाती वळल्या त्यांनी. मी कापूस समोर ठेवला आणि काही बोलले नाही. आधी नुसता चिवडत बसल्या. मग मांडीवरचा पदर नीट केला, बोटं राखेत बुडवल्यासारखी केली, तळहात गुडघ्यावर घासला आणि एकामागून एक लांब, समईच्या, सारख्या जाडीच्या वाती. तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या. मी पोळ्या लाटत होते, मला ऐकू येईना, मुलाने येऊन सांगितलं, "आई, आजी गातेय." त्याने मोबाइलवर रेकॉर्ड केलं. अर्ध्या तासाने उठल्याच त्या आणि गाठोडं बांधलंच, पण तो अर्धा तास घरात शांत होता.

ईसीजी नॉर्मल. बीपी थोडं वर. साखर काठावर आलीय, डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय आणि रोज चालायला सांगितलंय. नवऱ्याच्या फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात सहा ते सात मी बाहेर चालायला जाणार, तक्त्यात लिहिलंय. तो स्वतःच म्हणाला, तू चावी घेऊन जा, बेल वाजवू नकोस, मी बघतो.

दिरांना मेसेज तसाच पाठवला, "जमलं तर" काढून. दोन वेळा टाइप करून खोडलं होतं ते. लगेच फोन आला. फार बोलले नाहीत, "वहिनी, आधी का नाही सांगितलं" म्हणाले आणि पावणेसातचा अलार्म लावलाय म्हणाले. परीक्षेची रजा टाकणार आहेत.

झोपेचं अजून जमलेलं नाही. तीनला जाग येतेच. परवा १४४१६ ला फोन केला. एका मुलीने शांतपणे ऐकून घेतलं, बऱ्याच वेळाने कोणीतरी मला 'तुम्ही जेवलात का' विचारलं. पुन्हा करणार आहे.

सिस्टर_मिरज

छान केलंस. तीनला जाग आली की घड्याळ बघू नकोस, मोबाइल तर नाहीच. वरच्या कडीला एक छोटी घंटा बांध, देवघरातली चालेल. दार हललं तर वाजेल हे कानाला ठाऊक झालं की कान पहारा सोडतील, थोडे दिवस जातील त्यात. थर्ड शिफ्टचा आठवडा सोडून बाकीच्या रात्री एक आड एक नवऱ्याने आईंच्या खोलीत झोपायचं. आणि साखर काठावर आहे म्हणून घाबरू नकोस, पण तीन महिन्यांनी जायला विसरूही नकोस.

ओंकार_नाशिकरोड

ताई, रेकॉर्डिंग जपून ठेवा. आमच्याकडे आजीच्या आवाजाचं काहीच नाही.

एक विचारू का? तुम्ही अकाउंट्समध्ये आहात म्हणून. माझ्या मामांना आता हेच निदान झालंय, मामेभावाचा औषधांवर आणि ब्युरोकडून ठेवलेल्या, सांभाळणाऱ्या माणसावर बराच खर्च होतोय. इन्कम टॅक्समध्ये याचं काही मिळतं का?

मीनल_चिंचवड

मिळतं, आणि फार लोकांना माहीत नसतं. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०डीडीबी; १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात हेच कलम १२८. त्याच्या यादीत न्यूरॉलॉजीच्या आजारांमध्ये डिमेन्शिया नावाने आहे, पण अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचं प्रमाणित झालेलं लागतं. न्यूरॉलॉजिस्टकडून प्रिस्क्रिप्शन घ्यायचं, त्यावर आजाराचं नाव, पेशंटचं नाव-वय, डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर हवा. पेशंट ६० च्या पुढचा असेल तर प्रत्यक्ष उपचाराचा खर्च, जास्तीत जास्त १ लाखापर्यंत, उत्पन्नातून वजा होतो. मेडिक्लेममधून काही परत मिळालं असेल तर तेवढं कमी करायचं. ही वजावट जुन्या कर-पद्धतीतच आहे, नव्या पद्धतीत गेलात तर नाही. दोन्हीकडून गणित करून बघायला सांगा मामेभावाला.

वडील त्याच्यावर अवलंबून असायला हवेत. आणि क्लेम मुलाने करायचा, सुनेला सासू-सासऱ्यांसाठी करता येत नाही. आमच्याकडे नवऱ्याच्या नावाने करतो. औषधांची बिलं महिन्याच्या महिन्याला एका पाकिटात घाला, मार्चमध्ये शोधत बसायला लागत नाही. ब्युरोच्या माणसाचा खर्च उपचारात धरता येईल की नाही, ते मात्र तुमच्या सीएंना प्रिस्क्रिप्शन दाखवून विचारा.

सिस्टर, घंटा आजच बांधते.